कॉफीऐवजी ‘माते’ प्यावे काय?

दापोडी हे पाळ्यांचे गाव. एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा इथेच आहे आणि लोकलने पुढे निघाले की कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी असा कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. पहिल्या पाळीला निघालेला कामगार स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा घेतो. त्याच वेळी रात्रपाळी संपवून परतलेला दुसरा कामगार त्याच बाकावर बसून चहा घेतो. एकाची ती सकाळ असते, दुसऱ्याची झोपायची वेळ. चहा मात्र दोघांनाही तोच आणि तेवढाच. आमच्या भागातल्या अनेक तक्रारींचे मूळ या एका बाकावर सापडते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

अलीकडे दवाखान्यात एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. रात्रपाळी करणारे एक गृहस्थ विचारत होते, “डॉक्टर, कॉफीने जळजळ होते, छाती धडधडते, दिवसा झोप लागत नाही. म्हणून कॉफी सोडायची म्हणतोय. भाच्याने ‘माते’ नावाची पाने मागवून दिली आहेत. त्यात कॅफीन नसते म्हणे. चालेल का?” प्रश्न चांगला आहे. त्यांनी जे ऐकले होते ते मात्र बरोबर नाही. ‘पर्याय’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते, म्हणून आजच्या लेखात या विषयाचा जरा सविस्तर विचार करू.

माते म्हणजे काय?

येर्बा माते हे दक्षिण अमेरिकेतील एका सदाहरित झाडाच्या पानांपासून केलेले पेय आहे. पॅराग्वे, अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग हा त्याचा मुलूख. तेथील मूळचे ग्वारानी लोक युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून ही पाने वापरीत. पुढे जेसुइट मिशनऱ्यांनी तिची पद्धतशीर लागवड केली. वाळलेल्या पानांचा चुरा भोपळ्याच्या कोरलेल्या तुंब्यात भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि टोकाला गाळणी असलेल्या धातूच्या नळीने ते ओढून पितात. पाणी संपले की पुन्हा ओततात. एकच तुंबा मित्रमंडळींत हातोहात फिरतो. आपल्याकडे टपरीवरच्या एका ‘कटिंग’मध्ये जी दोस्ती असते, तीच तिकडे त्या तुंब्यात असते. पॅराग्वेत उन्हाळ्यात हेच पेय थंड पाण्यात करतात, त्याला ‘तेरेरे’ म्हणतात. २०२० साली युनेस्कोने तेरेरेच्या परंपरेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

आता मुद्द्याची गोष्ट. मातेमध्ये कॅफीन असते. एकेकाळी त्यातील उत्तेजक द्रव्याला ‘मातेइन’ असे वेगळे नाव देऊन ते कॅफीनपेक्षा निराळे व सौम्य असल्याचे सांगत. रासायनिक तपासणीत मातेइन म्हणजे कॅफीनच असल्याचे सिद्ध झाले आहे. सोबत कोकोत आढळणारे थिओब्रोमीनही थोडे असते. शिवाय एकाच तुंब्यात पुन्हापुन्हा पाणी ओतून तासन्‌तास पिण्याची पद्धत असल्याने दिवसभरात पोटात जाणारे कॅफीन कॉफीच्या एक-दोन कपांइतके सहज होऊ शकते. म्हणजे कॅफीन टाळण्यासाठी माते घेणे हे बिडी सोडून सिगारेट धरण्यासारखे झाले. नाव बदलले, वस्तू तीच राहिली.

कॅफीन शरीरात काय करते?

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. ते मेंदूतील ठरावीक जागी जाऊन बसले की आपल्याला थकवा व झोप जाणवते. कॅफीनच्या कणाची घडण ॲडिनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की ते त्याच जागा अडवून बसते. कुलपात चुकीची किल्ली अडकावी आणि खरी किल्ली बाहेर राहावी, तसा हा प्रकार. थकवा गेलेला नसतो, थकव्याची सूचना तेवढी थांबलेली असते. कॅफीन उतरले की साचलेला थकवा एकदम अंगावर येतो. मशिनवर काम करणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. चहाने तरतरी येते, पण चहा म्हणजे विश्रांती नव्हे.

पोटात गेलेले कॅफीन निम्मे होण्यास निरोगी प्रौढ माणसात साधारण पाच तास लागतात. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत हाच काळ पंधरा तासांच्या घरात जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, झोपण्याच्या तब्बल सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावरही झोप एका तासाहून अधिक कमी झाल्याचे दिसले. समजा, रात्रपाळी अकरा ते सात आहे आणि आपण सकाळी नऊला झोपता. मग शेवटचा चहा पहाटे दोन-अडीचच्या आत व्हायला हवा. प्रत्यक्षात आपण सुटल्यावर सात वाजता गेटबाहेर ‘एक स्पेशल’ घेतो आणि नऊ वाजता छताकडे बघत पडतो.

आता आपला हिशेब करू

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये असे सांगितले आहे. दीडशे मिलिलिटरचा एक कप धरल्यास गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते.

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांना मी वहीवर हिशेब मांडायला सांगितला. चोवीस तासांत टपरीवरचे व घरचे मिळून आठ छोटे चहा आणि कंपनीच्या यंत्रातली दोन कप कॉफी. आठ ‘कटिंग’ म्हणजे साधारण चार पूर्ण कप. त्यांचे १२० ते २६० आणि कॉफीचे १०० ते १३० मिळून बेरीज २२० ते ३९० मिलिग्रॅम झाली. चहा कडक असेल तर मर्यादा ओलांडली गेली. आपला चहा तर दूध-साखर घालून उकळ-उकळ उकळलेला असतो. तेव्हा ‘मी कॉफी फार घेत नाही, चहाच घेतो’ या समाधानात फारसा अर्थ नाही.

दुसरी बेरीज साखरेची. दहा कपांना प्रत्येकी फक्त आठ ग्रॅम साखर धरली तरी ८० ग्रॅम होते, म्हणजे ३२० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या सूचनेनुसार प्रौढाने वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि २५ ग्रॅमवर आणता आल्यास अधिक उत्तम. ‘आम्ही गोड खातच नाही’ म्हणणाऱ्या माणसाची ही मर्यादा नुसत्या चहात ओलांडली जाते. गुळाचा चहा घेतला तरी हिशेब जवळपास तोच राहतो. मधुमेहींना गूळ चालतो, हा गैरसमज आहे.

कढत पेय आणि अन्ननलिका

माते प्रकरणातून आपल्याला घेण्यासारखा एक मोठा धडा आहे. दक्षिण अमेरिकेत माते पिणाऱ्यांमध्ये अन्ननलिकेचा कर्करोग अधिक आढळतो असे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली गरम मातेला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. पुढे २०१६ साली त्याच संस्थेने सगळा पुरावा पुन्हा तपासला. निष्कर्ष असा निघाला की दोष मुख्यतः तापमानाचा आहे. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम असे कोणतेही पेय ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले गेले. कढत नसलेल्या मातेविरुद्ध मात्र तसा पुरेसा पुरावा आढळला नाही. त्याच वेळी कॉफीवर १९९१ साली घेतलेला मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशयही मागे घेण्यात आला.

इराणच्या गोलेस्तान प्रांतात सुमारे ५० हजार लोकांची वर्षानुवर्षे पाहणी करण्यात आली. २०१९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६० अंशांपेक्षा गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरहून अधिक पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण, कमी गरम व कमी चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ९० टक्क्यांनी जास्त होते. याचा अर्थ गरम चहा पिणाऱ्या प्रत्येकाला हा रोग होतो असा मुळीच नाही. तंबाखू व दारू ही या रोगाची कितीतरी मोठी कारणे आहेत. परंतु आपल्याकडे कढत चहा आणि बिडी, किंवा चहा झाल्याबरोबर तोंडात तंबाखूचा बार, अशी जोडगोळी असते. तिला वेगळे करण्याची वेळ आली आहे.

आपली आजी चहा बशीत ओतून, फुंकर मारून पीत असे. त्याला आपण गावंढळपणा म्हणून हसलो. बशीत ओतल्याने चहा पसरतो व त्याचे तापमान झपाट्याने उतरते. आजीची पद्धत आरोग्याच्या दृष्टीने अगदी योग्य होती. कागदी कपात मिळालेला चहा चार-पाच मिनिटे थांबूनच प्यावा. जिभेला चटका बसत असेल तर अन्ननलिकेलाही बसतो. तिला बोलता येत नाही इतकेच.

मातेच्या पानांबाबत आणखी एक गोष्ट. ती पारंपरिक पद्धतीने लाकडाच्या धुरावर वाळवतात. त्यामुळे धुरातील काही घातक द्रव्ये पानांत उतरू शकतात. कोणी मागवलीच असतील तर धूर न देता वाळवलेली पाने पाहून घ्यावीत. मधूनमधून एखादा कप कोमट करून घेण्यास निरोगी माणसाला हरकत नाही. परंतु ते ‘औषध’ म्हणून, वजन उतरावे म्हणून किंवा कॉफीचा निरुपद्रवी पर्याय म्हणून घेऊ नये.

चहा आणि रक्तक्षय

चहात, कॉफीत आणि मातेतही टॅनिनसारखी द्रव्ये असतात. ती अन्नातील लोहाला आतड्यात धरून ठेवतात आणि लोह रक्तात न जाता शरीराबाहेर टाकले जाते. डाळी, पालेभाज्या, बाजरी यांतील लोहावर हा परिणाम विशेष होतो. म्हणजे शाकाहारी ताटाचेच नुकसान जास्त. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. कारणे अनेक आहेत. पण हे एक कारण असे आहे की ते दूर करण्यास एक पैसाही लागत नाही.

एक भगिनी कित्येक महिने लोहाच्या गोळ्या घेत होत्या आणि रक्त काही वाढत नव्हते. गोळी कधी घेता, असे विचारल्यावर म्हणाल्या, “रोज न चुकता घेते हो, सकाळच्या चहाबरोबर. म्हणजे विसर पडत नाही.” गोळी त्याच, फक्त वेळ बदलली. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी, लिंबाच्या पाण्याबरोबर. पुढच्या तपासण्यांत रक्त वाढू लागले. लिंबातील क जीवनसत्त्व लोह शोषून घेण्यास मदत करते. तेव्हा जेवणाआधी एक तास व जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको, हा नियम घरातल्या सर्वांनी पाळावा. बाळंतिणी, गरोदर स्त्रिया व वयात येणाऱ्या मुलींनी तर कटाक्षाने. लहान मुलांना चहात बुडवून बिस्कीट किंवा पोळी देण्याची सवय सोडावी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही ती साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफी घेऊ नये. नाहीतर गोळीचा गुण कमी होतो.

खरा पर्याय: गव्हाची कॉफी

कॅफीन नसलेले पण कॉफीसारखे लागणारे पेय हवे असेल तर दक्षिण अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली गांधीजींनी टॉलस्टॉय फार्म स्थापन केला. तिथे न्याहारीला पावाबरोबर गव्हाची कॉफी असे. पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावरची प्रकरणे लिहिली. ती ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांतही चहा, कॉफी व कोको यांची शरीराला गरज नाही, असेच मत त्यांनी मांडले आहे. चहा घ्यायचाच तर पत्ती उकळू नये, गाळणीत ठेवून वरून उकळते पाणी ओतावे, हा त्यांचा सल्ला टॅनिनच्या दृष्टीने आजही पटण्यासारखा आहे.

गव्हाची कॉफी अशी करावी. एक वाटी निवडलेले गहू धुऊन पूर्ण वाळवावेत. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत गडद तांबूस होईपर्यंत भाजावेत, करपवू नयेत. गार झाल्यावर मिक्सरमध्ये जाडसर दळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. एका कपाला एक मोठा चमचा पूड घेऊन पाण्यात तीन-चार मिनिटे उकळावी व गाळून घ्यावी. आवडीप्रमाणे दूध, वेलची किंवा सुंठ घालावी. साखर अर्ध्या चमच्याहून अधिक नको. चव हुबेहूब कॉफीची नसते, पण भाजल्याचा खमंग वास व किंचित कडवटपणा असतो. ज्यांना गहू वर्ज्य सांगितला आहे त्यांनी हे पेय घेऊ नये.

बाजारातील कॉफीच्या पाकिटावर ‘चिकोरी मिश्रित’ असे लिहिलेले असते. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. त्यात कॅफीन नसते. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणून चिकोरी जास्त असलेल्या कॉफीत कॅफीन कमी, पण शून्य नव्हे.

घरातील इतर पर्याय

गवती चहाला नावात ‘चहा’ असला तरी त्यात कॅफीन नसते. कुंडीतही उत्तम येतो. त्याची दोन-तीन पाती, आले व थोडे पाणी उकळून गाळावे. मात्र त्यात नेहमीची पत्ती टाकली तर तो पुन्हा चहाच झाला! धने-जिऱ्याचे पाणी, पातळ ताक, कोकमाचे सार, नाचणीचे आंबील हे सारे रात्रपाळीच्या डब्याबरोबर नेण्याजोगे आहेत. आंबिलाने पोटाला आधार मिळतो आणि उपाशीपोटी चहा घेतल्याने होणारी जळजळ टळते. ताक व सार रक्तदाब असलेल्यांनी बिनमिठाचे घ्यावे. काढ्यात ज्येष्ठमध रोज घालू नये, त्याने रक्तदाब वाढतो.

‘ग्रीन टी’मध्ये कॅफीन असते, हेही ध्यानात ठेवावे. आणि तरुण मुले डब्यातली जी ‘एनर्जी’ पेये घेतात, त्यांना आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन ठेवण्याची मुभा आहे. मुलांसाठी, गरोदर व स्तनदा मातांसाठी ती योग्य नाहीत, असा इशारा डब्यावरच छापलेला असतो. तो वाचावा.

सोडायचे कसे?

एकदम सोडू नये. रोज पाच-सहा कप घेणाऱ्याने अचानक बंद केले की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, सुस्ती येते. हा त्रास दोन ते नऊ दिवस टिकू शकतो. मग माणूस म्हणतो, ‘मला चहाशिवाय जमतच नाही’, आणि पुन्हा दुप्पट घेतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा. पहिल्यांदा झोपेच्या अगदी जवळचा कप काढावा. त्या जागी गवती चहा किंवा गव्हाची कॉफी ठेवावी, म्हणजे हाताला कप आणि मित्रांना सोबत, दोन्ही राहते. टपरीवर जाणे बंद करण्याची गरज नाही. माणसांत बसणे हेही आरोग्यच आहे.

चहा-कॉफी हे विष नव्हे. निरोगी माणसाने दिवसाकाठी दोन-तीन कप, योग्य वेळी, कोमट व कमी साखरेचे घेतले तर काळजीचे कारण नाही. गरोदर स्त्रियांनी मात्र याहूनही कमी घ्यावे आणि आपल्या डॉक्टरांशी बोलावे. छातीत वारंवार धडधड होणे, गिळताना घास अडकणे, काळी शौचास होणे किंवा कारणाशिवाय वजन उतरणे अशी लक्षणे असतील, तर पेये बदलत बसू नये. लगेच तपासणी करून घ्यावी.

थोडक्यात सांगायचे तर:
१. मातेत कॅफीन असते. तो कॅफीनला पर्याय नाही.
२. कोणतेही पेय कढत पिऊ नये.
३. जेवणाच्या आधी व नंतर एक तास चहा-कॉफी नको. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच नको.
४. झोपण्याच्या आधी किमान सहा तास कॅफीन बंद. रात्रपाळीवाल्यांनी हे तास आपल्या झोपेवरून मोजावेत, सूर्यावरून नव्हे.
५. कपांबरोबर साखरेचे चमचेही मोजावेत.

या आठवड्यात एवढेच करा. दिवसभरात घेतलेला प्रत्येक कप, त्याची वेळ व साखर एका कागदावर लिहून काढा. रविवारी घरच्या मंडळींसमोर बेरीज करा. काय सोडायचे ते तो कागदच आपल्याला सांगेल.